पहिला घास चाखणेचा

चाखणे हे त्याचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टिंग विभागाचा प्रमुख होता. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, पुराव्यासकट त्यांच्या पुढ्यात टाकायच्या आणि वर 'घाई नव्हती, सावकाश लिहायचं होतंत' असं गोड आवाजात म्हणायचं, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. हा उद्योग त्याने इतकी वर्षं केला होता की नवा माणूस समोर आला तरी हा कुठे फुटेल तेच तो आधी बघायचा. मला असली माणसं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पण या माणसाला एक गोष्ट खरोखर येत होती, आणि ती म्हणजे खाणं.

कम्प्युटरवाल्यांची करमणूक हा एक अजब प्रकार आहे. आठवडाभर मोठ्या पडद्याकडे बघून डोळे दुखले की ही मंडळी विश्रांती म्हणून छोट्या पडद्याकडे बघतात. कुणी डोंगर चढतो आणि वर पोचल्यावर आधी रेंज आहे का ते पाहतो. कुणी महागडी सायकल घेतो आणि तिच्यावर कपडे वाळत घालतो. टेस्टिंग विभागाची करमणूक मात्र ठरलेली होती. दर शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जायचं.

कुठे जायचं ते चाखणे ठरवी. कोण कुठे बसणार तेही चाखणेच ठरवी. ताटं, वाडगे, जे काय असेल ते समोर आलं की चाखणे हात धुवायला जाई, परत येऊन रुमाल मांडीवर पसरी, डोळे मिटून पहिला घास घेई आणि निकाल देई. तोपर्यंत कुणी चमच्याला हात लावायचा नाही, असा त्या टेबलाचा रिवाज होता. निकालही असे ऐकण्यासारखे असत. एकदा मशरूमच्या सुपाचा एकच चमचा घेऊन त्याने सांगितलं की आज आचारी बदललाय आणि नवा आचारी उतावळा आहे, कांदा परतायला त्याला दम नाही. हॉटेलच्या मालकाने हसत हसत आतून खरोखरच एका नव्या आचाऱ्याला बाहेर आणून उभं केलं. बिचारा कांदा कापायची सुरी हातात घेऊनच आला होता. त्या दिवसापासून 'चाखणे' हे नाव पडलं आणि त्याला ते मनापासून आवडलं.

एवढ्यावर थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण चाखणेला दुसऱ्याची जीभ कमअस्सल आहे हे चारचौघांत सिद्ध केल्याशिवाय जेवण पचत नसे. विभागात एक नवीन मुलगी आली. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून सगळे तिला चष्मिष म्हणत. पहिल्याच शुक्रवारी तिच्या तोंडून 'सूप छान आहे' असं निघून गेलं. चाखणेने अगदी कौतुकाने विचारलं, की तुमच्याकडे पाणी उकळलं की त्याला सूप म्हणतात का. टेबल खो-खो हसलं. चष्मिषही हसली, पण नंतर कितीतरी शुक्रवार ती नुसता ब्रेड खात होती. दुसरा एक होता, त्याला दाढी म्हणत. कामात तरबेज, स्वभावाने डूख धरणारा. त्याने एकदा आईच्या हातचा डबा आणला होता. चाखणेने त्यातला घास घेतला, हळू हळू चावला आणि म्हणाला, आईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना म्हणावं, आता वय झालं, आराम करा. दाढीने डबा बंद केला तो कायमचा. पुढे वर्षभराने त्याची आई वारली. तेव्हा चाखणे भेटायला गेला होता, मान खाली घालून बसला होता, पण त्या डब्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. बहुतेक त्याच्या ते लक्षातही नसावं.

मग चाखणेला ताप आला. साधाच ताप, जसा ऋतू बदलताना सगळ्यांना येतो. आठवड्यात उतरला. तापाबरोबर जे दुसरं काही गेलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या लक्षात आलं, कॉफीचा घोट घेताना. कॉफी गरम होती, एवढंच कळलं. त्याने साखर घातली, मग आणखी घातली, मग सरळ एक चमचा साखर जिभेवर ठेवली. वाळू ठेवल्यासारखं वाटलं. त्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्या एकेक करून उघडल्या, मीठ, व्हिनेगर, मिरपूड, मध, आणि ओट्याशी उभं राहून एकेकाची चव घेतली. कशाचीच आली नाही. शेवटी तो ओट्याला टेकून लहान मुलासारखा रडला.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार, काही सांगता येत नाही. चाखणेने हे कुणालाच सांगितलं नाही. त्यालाही कारण होतं, आणि ते कारण शुक्रवारचं नव्हतं, रविवारचं होतं.

चाखणेचा घटस्फोट झाला होता. लेक आईकडे राहायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि रविवारी बापाकडे यायची. ती बारा वर्षांची झाली की रविवारी जायचं की नाही ते तिचं ती ठरवेल, असं नवराबायकोने वेगळं होताना कबूल केलं होतं. आता बारावा वाढदिवस तोंडावर आला होता. चाखणेला पोरीशी बोलायला दुसरं काही येत नसे. अभ्यास विचारला की ती गप्प व्हायची, मैत्रिणींची नावं त्याच्या लक्षात राहायची नाहीत. त्यांचं जमायचं ते हॉटेलात. पोर डोळे घट्ट मिटायची, बाप तिच्या तोंडात चमचा द्यायचा आणि तिने आत काय काय आहे ते ओळखायचं. जायफळ? लिंबाची साल? लोणी जरा जास्त तापलंय? पोर हुशार होती. हा खेळ खेळताना ती बापाच्या अगदी अंगाला चिकटून बसायची, आणि आठवडाभरातलं चाखणेचं सगळं सुख त्या एका तासात असायचं.

ताप गेल्यानंतरच्या रविवारी तिने डोळे मिटून सांगितलं, दालचिनी. चाखणेने मेन्यूकार्डात वाचलं होतं, व्हॅनिला. पण आचाऱ्याने दालचिनी घातलीच नसेल हे तो छातीठोकपणे कसं सांगणार? तो म्हणाला, बरोबर. पुढचंही बरोबर, त्याच्या पुढचंही बरोबर. पोर फुलून गेली. तिने घरी जाऊन आईला सांगितलं की आता माझी जीभ बाबासारखी व्हायला लागलीये. आईने हे चाखणेला फोनवर सांगितलं, आणि कधी नव्हे ते दोन शब्द बरे बोलली. चाखणेने फोन ठेवला. जीभ गेलीये हे पोरीला कळलं तर तिने रविवारी कशासाठी यायचं? या एका विचाराने त्याचा जीव टांगणीला लागला होता.

शुक्रवारी तर जास्तच पंचाईत. पहिला घास त्याचा, त्यामुळे दुसऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायचीही सोय नाही. म्हणून चाखणेने रिवाज हळूच वाकवायला घेतला. 'आज तुम्ही सुरू करा, मला फोन करायचाय.' 'आज नव्या लोकांचं मत आधी ऐकू.' आणि घ्यावाच लागला घास, तर निकाल असे मोघम देऊ लागला की वाटावं, हा कुठल्या तरी बँकेच्या सभेत भाषण करतोय. समतोल आहे. विचार करून केलंय. प्रामाणिक आहे. पूर्वी जो माणूस जळक्या लसणाच्या पाकळीवरून आचाऱ्याची कुंडली मांडायचा, तो आता टोमॅटोच्या सुपाला प्रामाणिक म्हणायला लागला.

बाकीच्यांना वाटलं, माणूस मवाळ झालाय, वय झालं. दाढीला तसं वाटलं नाही. ज्याने आपल्याला एकदा बोल लावलाय त्याच्याकडे माणूस फार बारकाईने बघतो. दाढीने चष्मिषला सांगितलं, याची जीभ बंद पडलीये.

आता दुसरं कुठलं ऑफिस असतं, तर लोकांनी आडून आडून विचारलं असतं, किंवा पाठीमागे कुजबुजून सोडून दिलं असतं. पण हे टेस्टिंगवाले. यांना शंका आली की ती तपासायची, नाहीतर यांना झोप येत नाही. आणि तपासायची कशी तेही चाखणेनेच प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवलेलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. चूक एकदा दिसली तर तो योगायोग असेल, दोनदा दिसली तर तुमचा गाढवपणा असेल, तीनदा घडवून दाखवा आणि मगच तोंड उघडा. दाढीने ठरवलं, तीनदा घडवायचं, आणि तिसऱ्यांदा घडलं की तिथेच, भरल्या टेबलावर, चाखणेच्याच गोड आवाजात जाहीर करायचं. टेबलावरच्या सगळ्यांना त्याने हे सांगून ठेवलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कुणालाच वाईट वाटलं नाही. प्रत्येकाचा कधी ना कधी त्या टेबलावर पाणउतारा झालेला होता.

पहिल्यांदा साखर. चाखणे हात धुवायला गेला, तेवढ्यात चष्मिषने साखरेच्या पुड्या फोडून त्याच्या टोमॅटो सुपात रिकाम्या केल्या. दाढीने ढवळलं. चाखणे आला, डोळे मिटले, चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, वा, आज आंबटपणा नेमका साधलाय. एकाला ठसका लागला. चष्मिष टेबलाखाली पडलेला रुमाल उचलायला वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. ऑफिसात परतल्यावर जिन्यात उभे राहून सगळे पोट धरधरून हसले. चष्मिष सगळ्यांत जास्त हसली, आणि त्यात तिची चूक होती असं मला वाटत नाही.

दुसऱ्यांदा मीठ, कॉफीत. चाखणेने कप तळापर्यंत रिकामा केला आणि दुसरा मागवला. या वेळी हसू जरा कमी आलं. कारण पिताना तो पोरीबद्दल बोलत होता. तिला शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुख्य काम मिळालंय, ती जिभेने बापावर गेलीये, असलं काहीबाही. चष्मिष त्या दिवशी दाढीला म्हणाली की आता पुरे कर, आपल्याला कळलंय ना. दाढी म्हणाला, दोनदाच झालंय.

तिसऱ्या शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, पोरीच्या आईला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं, म्हणून चाखणे पोरीला ऑफिसात घेऊन आला. तिने सकाळभर बापाच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्याच्या जुन्या कीबोर्डची बटणं कापसाने पुसली. सगळ्यांशी गोड बोलली. दाढीला दादा म्हणाली, चष्मिषला ताई. दुपारी निघताना चष्मिषने दाढीला लिफ्टपाशी गाठलं.

"आज नको. पोर आहे बरोबर."

"मग काय झालं? तारीख ठरली की ठरली," दाढी म्हणाला. "प्रोग्रॅमच्या रिलीजची तारीख कधी पुढे ढकललीये त्याने आपल्यासाठी?"

ते गेले ते हॉटेल कोपऱ्यावरचंच होतं. लांब लाकडी टेबल, भिंतीला लागून बाकं, मागे स्वयंपाकघराचं झुलतं दार आणि त्याच्या बाजूला बेसिन. चाखणेने सगळ्यांसाठी भोपळ्याचं सूप सांगितलं. पोरीसाठी मात्र वेगळं काही मागवलं नाही, कारण ती बापाच्याच वाडग्यातलं घेणार होती. खेळ असा एकाच वाडग्यातून चालायचा. हे टेबलावर कुणालाही ठाऊक नव्हतं.

सूप आलं. चाखणे पोरीला घेऊन हात धुवायला गेला. दाढीने मिठाच्या बाटलीचं झाकण फिरवून काढलं आणि बाटलीच त्या वाडग्यावर उपडी धरली. एक जण म्हणाला, अरे बास. दाढीने ढवळून चमचा पुसला आणि होता तिथे ठेवला.

बापलेक परत आले. चाखणेने रुमाल पसरला, पहिला घास घेतला. त्याचा चेहरा नेहमीसारखाच राहिला. "प्रामाणिक आहे," तो म्हणाला, आणि मग त्याला पोरीचं कौतुक करून दाखवायचा मोह झाला. आता खरी जीभ बघा, असं म्हणून त्याने पोरीला डोळे मिटायला सांगितले. चष्मिषचा हात पुढे झाला, पण तेवढ्यात चमचा पोरीच्या तोंडात गेलाही होता.

पोरीने डोळे खाडकन उघडले. तिने कसंबसं गिळलं आणि बापाकडे बघत ती म्हणाली, "बाबा, हे खाऊ नको. खूप खारट आहे हे."

टेबलावर कुणाचाही चमचा हलेना. आणि इथेच चाखणेला सगळं कळलं. इतकी वर्षं माणसांच्या चुका पकडण्यात घालवलेला माणूस तो. त्याने एकदा सगळ्यांकडे बघितलं. कुणी वाडग्यात बघत होतं, कुणी भिंतीकडे, आणि दाढी सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होता. मिठाची बाटली दाढीच्या पुढ्यात अर्धी रिकामी होती. मागचा कॉफीचा कप, त्याच्या आधीचा तो ठसका, सगळं त्याच्या डोक्यात फटाफट जुळत गेलं असणार. त्याचे कान लाल झाले.

आता त्याला दोन गोष्टी करता आल्या असत्या. तो म्हणू शकला असता, की बाळा, तुझं खरं आहे, माझी चव गेलीये. टेबल हरलं असतं, आणि पोरीने बहुधा त्याचा हात धरला असता, अकरा वर्षांची मुलं याबाबतीत मोठ्यांपेक्षा बरी असतात. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो वाढदिवस होता. ओट्याशी उभं राहून रडलेला तो माणूस पोरीला दिसू द्यायची त्याची हिंमत झाली नाही.

"खारट?" तो हसत म्हणाला. "कुठे खारट आहे? नीट बघ."

पोरीने दुसरा चमचा घेतला. तिचे डोळे पाण्याने भरले. "खारटच आहे, बाबा."

चाखणेने वाडगा उचलला आणि टेबलावरून सरकवत दाढीपुढे नेला. "तू सांग रे. खारट आहे का हे?"

दाढीची त्या वर्षीची बढती चाखणेच्या सहीवर अडली होती, हे दोघांनाही माहीत होतं. पण मला नाही वाटत की दाढी फक्त बढतीला घाबरला. खारट म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न, मीठ घातलं कुणी, हा त्या लहान मुलीसमोर विचारला गेला असता, आणि सकाळी तिने त्याला दादा म्हटलं होतं. त्याने चमचाभर सूप घेतलं. जबडा घट्ट केला. ते गिळलं.

"छान आहे, सर."

"ऐकलंस?" चाखणे पोरीला म्हणाला. "दादापण छान म्हणतोय. तुझं लक्ष नाहीये आज. सकाळपासून बिस्किटं खाल्लीस ना, म्हणून जीभ बिघडली."

पोर एकेकाकडे बघत राहिली. इतकी मोठी माणसं, सगळी तिच्या बापाच्या ऑफिसातली, आणि एकही काही बोलेना. सगळ्यांनी आपापलं सूप प्यायला सुरुवात केली होती. त्यांच्या वाडग्यांत जादा मीठ नव्हतं, त्यामुळे ते चांगलं लागतही होतं, आणि ते चांगलं लागतंय हे पोरीला दिसत होतं.

चाखणेने वाडगा परत आपल्याकडे ओढला. ही एक गोष्ट मी त्याला कधीही माफ करणार नाही. ते सूप तो स्वतः पिऊ शकला असता. वाडगाभर प्यायला असता तरी त्याच्या जिभेला काडीचाही त्रास झाला नसता, ती जागाच मेलेली होती. पण त्याला सूप संपवायचं नव्हतं, पोरीला शब्द मागे घ्यायला लावायचं होतं. त्याने वाडगा तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, संपव, म्हणजे जीभ ताळ्यावर येईल.

ती प्यायली. प्रत्येक चमच्यानंतर थांबून त्याच्याकडे बघायची. मध्ये तिने पाणी मागितलं, तर तो म्हणाला, आधी संपव, पाण्याने चव जाते. अर्ध्यावर आल्यावर तिने चमचा खाली ठेवला, तेव्हा त्याने मायेने तिची पाठ थोपटली. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. त्याने खरोखरच मायेने थोपटली. टेबलावर तेवढ्यात कुणीतरी नव्या सिनेमाचा विषय काढला आणि बाकीच्यांनी बुडत्याने दोर धरावा तसा तो धरला.

"कसं होतं?" वाडगा रिकामा झाल्यावर चाखणेने विचारलं.

"छान होतं," पोर म्हणाली, आणि तोंडावर हात दाबून बेसिनकडे पळाली.

चष्मिष तिच्यामागे धावली. पोर बेसिनवर वाकून सगळं ओकत होती. चष्मिषने एका हाताने तिचे केस मागे धरले, दुसऱ्या हाताने पाठ चोळली, नळ मोठा केला, खळखळून चुळा भरायला लावल्या. चष्मिषचा चष्मा वाफेने की कशाने धुरकट झाला होता. स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात आली नव्हती.

पोरीने तोंड पुसलं. आरशातून चष्मिषकडे बघितलं आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "ताई, खरं सांग. ते खारट होतं ना?"

चष्मिषने तोंड उघडलं. साखरेच्या पुड्या तिने स्वतःच्या हातांनी फोडल्या होत्या. आज निदान खरं तरी बोलावं, असं तिला आतून वाटत होतं. मग तिला आरशात पोरीच्या मागे चाखणे दिसला. तो झुलत्या दारापाशी उभा होता. मुलीसाठी पाण्याचा ग्लास हातात घेऊन आला होता, आणि प्रश्न त्याने ऐकला होता. त्याचा चेहरा असा झाला होता की कुणालाही त्याची दया आली असती. तो नुसता चष्मिषकडे बघत राहिला. हा माणूस तिच्याकडे आजवर कधी काही मागायला आला नव्हता.

"नाही गं," चष्मिष म्हणाली. "चांगलं होतं की."

पोरीने मान हलवली. कुणी गणिताचं उत्तर चुकलंय म्हणून सांगावं आणि आपण ते मुकाट्याने खोडावं, तशी. मग वळून तिने बापाच्या हातातला ग्लास घेतला, एका दमात रिकामा केला आणि ती म्हणाली, "सॉरी बाबा. माझंच चुकलं."

"असू दे गं," चाखणे म्हणाला. "होतं असं कधी कधी."

दोघं टेबलावर परत आली. दाढी एव्हाना सिगारेट ओढायला बाहेर गेला होता. चाखणेने पोरीला जवळ घेतलं, मेन्यूकार्ड तिच्यापुढे उघडलं आणि विचारलं, गोड काय मागवू तुझ्यासाठी? ही पोर कार्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय कधी काही मागवत नसे, वेटर कंटाळून जायचे. तिने कार्ड मिटलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

"तूच सांग," ती म्हणाली. "मला काय कळतंय."